पावसाचे दिवस धरत नाहीत

जिनसाकूच्या घरात दिवसांना वारांची नावं नव्हती, रानांची होती. ज्याच्या चिकापासून भांड्यांचं रोगण होतं त्या उरुशीच्या झाडाला आज चरा पाडून चीक काढला की मधले तीन दिवस त्याला दम खाऊ द्यायचा आणि मगच पुन्हा सुरी लावायची. म्हणून रानं चार. ओढ्याकाठचं, देवळामागचं, खिंडीतलं आणि मसणवट्याजवळचं. रोज एक. फेरी संपली की पुन्हा ओढ्याकाठ. कालची-परवाची कुठलीही गोष्ट विचारली तर जिनसाकूची बायको तोमे बोटं मोडत सांगायची, "खिंडीतलं रान व्हतं बग त्या दिशी." पाऊस आला तर काम बंद, कारण पाण्याचा थेंब पडला की चीक बाटला. मग घरातली माणसं ओसरीवर बसून हत्यारांना धार लावत, आणि उघडीप झाली की राहिलेल्या रानापासून मोजणी पुढे सुरू होई. पावसाचा दिवस कुणी धरतच नसे. तो उगवलाच नाही असा सगळ्यांचा समज.

सून ताएको ही किनाऱ्यावरच्या मासळीबंदरातली. तिच्या माहेरी वादळाचा दिवस सगळ्यात पक्का लक्षात राहायचा, कारण त्या दिवशी बाप घरात असायचा. इथली मोजणी तिला आधी वेडगळ वाटली होती. पण या डोंगरात पाच उन्हाळे काढल्यावर तीही रानांवरच दिवस सांगू लागली, आणि आपण तसं सांगतो हे तिच्या ध्यानातही येईनासं झालं.

लग्नाच्या महिन्यातच तिला उरुशी उतली होती, म्हणजे चिकाने अंगावर पुरळ उठलं होतं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, डोळ्यांच्या चिरा झाल्या. पण सुजेचं काही नव्हतं. खाज. मांडीखाली हात दाबून बसली तरी हात सुटून गळ्याकडे जायचे. नवऱ्याने, मासानोबूने, तिची नखं मुळापासून कापली, तर ती दाराच्या चौकटीला पाठ घासू लागली. सासरे बघून हसले होते. "झाली आता आपल्या घरची," म्हणाले. तोमेने ओढ्यातले खेकडे ठेचून त्यांचा रस सुनेच्या तोंडाला फासला होता आणि तीन दिवस तिच्याशेजारी कुणी जेवायला बसलं नव्हतं.

जुलै सरत आला होता. चिकाचा खरा हंगाम. उभ्या झाडाचा सगळ्या उन्हाळ्याचा मिळून वाटीभर चीक निघतो, आणि पानं झडली की ते झाड तोडतात. त्यातला या दिवसांतला चीक सगळ्यात सरस, म्हणून या दिवसांत घरात कुणी आजारी पडायचं नाही असा अलिखित कायदा.

बालवाडीत घसा धरण्याची साथ आली म्हणून ताएकोने साडेतीन वर्षांच्या मिहोला दोन दिवस घरी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी रान ओढ्याकाठचं होतं. सावली होती, पाणी होतं. पोरीला बरोबर नेलं. जिनसाकू वाकड्या सुरीने खोडावर आडवा चरा पाडायचा, तिच्या टोकाने त्यातच आत एक बारीक रेघ मारायचा आणि थांबायचा. पांढरट थेंब वर यायचा, बघता बघता तांबूस व्हायचा. तो लोखंडी पट्टीने खरवडून सालीच्या नळकांड्यात. ताएको खालच्या झाडांची साल तासून पुढच्या चऱ्याला जागा करत होती. मिहो पाण्यात पानं सोडत बसली होती. दुपारनंतर ती पानं सोडेनाशी झाली. ताएकोने जवळ जाऊन पाहिलं तर पोर खडकाला गाल लावून बसली होती.

"काय गं?"

"गार लागतो," मिहो खडकाबद्दल म्हणाली.

घरी येईपर्यंत पोर ताएकोच्या पाठीवर तव्यासारखी तापली होती.

दुसऱ्या दिवशी, देवळामागचं रान सोडून, ताएको तिला गावातल्या कुदो डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हातारे डॉक्टर. मासानोबूलाही त्यांनीच लहानपणी तपासलेलं. त्यांनी जीभ दाबून आत बॅटरी मारली, कापसाची काडी घशात फिरवली, आत जाऊन काहीतरी करून आले.

"जंतू आहे घशात. साथीचाच. तुझ्याआधी सात पोरं आली. ह्या पुड्या दे, ताप दोन दिवसांत खाली येईल."

तोमेला हे ऐकून बरं वाटलं. "नाव कळलं म्हंजे निम्मं काम झालं," ती म्हणाली. "माज्या येळंला नुसतं पोर तापायचं. कशानं, ते देवाला बी ठावं नसायचं."

मग पाऊस लागला. उंबऱ्याबाहेर पाण्याच्या सळया आणि आत सगळी माणसं. जिनसाकू दगडावर सुरी फिरवत होता. मासानोबू नळकांड्याला नवी साल गुंडाळत होता. दुसऱ्या दिवशीही पाऊसच. पुडी दिली की मिहोला घाम फुटायचा, ती अर्धी वाटी पेज प्यायची, आणि भांडं घासून होईतो पुन्हा अंग पेटायचं. डोळे लाल झाले, पण त्यांना ना चिपाडं होती ना पाणी. ओठ उललेले, कुंकू खाल्ल्यासारखे. जिनसाकूने तिच्यासाठी सालीची शिट्टी केली. पोरीने ती हातात धरली, फुंकली नाही.

"फुंक की गं, राणीसरकार."

"तोंड दुखतं, आजोबा."

"ताप हाय तर व्हट फुटनारच," तोमे म्हणाली. "पेजंत उमेचं आंबाट खारवलेलं फळ कुस्कर. तोंडाला चव यील."

ताएकोने पेजेत फळ कुस्करलं. पण त्या दिवसभरात तिने किती वेळा पोरीच्या कपाळाला हात लावला, ते त्या हातालाच माहीत.

उघडीप झाली. खिंडीतलं रान. सकाळी कपडे बदलताना मिहोच्या पाठीपोटावर लाल चट्टे दिसले. कुठे नकाशासारखे, कुठे डास चावल्यासारखे.  औषध बाधलं, हा ताएकोच्या मनातला पहिला विचार. तेवढ्यात जिनसाकू कमरेचं फडकं बांधत आत आला, वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"हात्तिच्या. उरुशी उतली. ओढ्याकाठी काय हात लावला आसंल पोरीनं. आन् आई बंदरातली, म्हंजे रक्त कच्चंच."

"ताप तर आधीपासून आहे, बाबा."

"ताप घशाचा. ही उरुशी. दोन येगळ्या गोष्टी एका येळंला व्हत न्हाईत का? मला एकाच सालात गळूबी झालं व्हतं आन् लगीनबी."

मासानोबू हसला. तोमे हसली. ताएकोलाही हसू आलं, कारण सासरा चाळीस वर्षं या चिकात हात घालून होता. डोंगरात कुणाला काय उतलं, किती दिवसांत जाईल, हे लोक त्याला विचारायला यायचे. कुदो डॉक्टरसुद्धा.

तोमे पदर खोचावा तशी बाह्या खोचून ओढ्यावर गेली आणि टोपलीभर खेकडे घेऊन आली. दोन ओसरीवर निसटले, एक मासानोबूच्या बुटात जाऊन बसला. दगडावर ठेचून, फडक्यातून पिळून, तो करडा रस तिने नातीच्या पाठीला, पोटाला, दंडांना चोळला. मिहो ओरडली नाही. नुसती मान फिरवून भिंतीकडे बघत राहिली. खेकडा निसटल्यावर नेहमी घर डोक्यावर घेणारी पोर.

डाव्या दंडावर, लहानपणी टोचलेल्या क्षयाच्या लशीचे बारीक सुयांचे ठिपके होते. दोन चौकोनांत, एवढेसे, पांढरे. रस चोळताना ताएकोला ते ठिपके लाल होऊन वर आलेले दिसले. जणू कालच टोचले.

"आई, हे बघा."

"तितंबी उतली," तोमे म्हणाली आणि त्यावर जरा जास्त रस चोळला.

मसणवट्याजवळच्या रानाच्या दिवशी ताप तसाच. ताएको सासूला न सांगता पुन्हा कुदो डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यात तिच्याशेजारच्या बाईने नाक मुरडून दुसरं बाकडं धरलं. खेकड्यांचा वास होता. ताएकोने पोरीभोवतीचं फडकं आवळलं.

"किती दिवस झाले तापाला?" डॉक्टरांनी विचारलं.

ताएकोने मनात फेरी केली. ओढ्याकाठ, देवळामागे, खिंड, आज मसणवटा. "चार," ती म्हणाली.

"आणि हे अंगावर?"

"सासरे म्हणतात, उरुशी."

"मग उरुशीच. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." म्हाताऱ्याने पुन्हा घसा पाहिला. "औषध बदलून देतो. घशातला जंतू आहे तो आहेच. पण ऐक, पाच दिवस उलटून ताप राहिला तर इथे येऊ नकोस. सरळ शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. लहान पोरांचा इतका लांबलेला ताप मला आवडत नाही."

पाच उलटून. म्हणजे परवा. ताएकोने ते परवाचं गाठोडं बांधून घेतलं आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठचं रान परत आलं. पुरुष पहाटेच टेंपो घेऊन गेले. तोमे मुळ्याच्या वाफ्यात होती. ताएको पोरीला पाणी पाजायला बसली, तर मिहोच्याने वाटी धरवेना. बोटं पेढ्यासारखी फुगली होती, तळवे लाल आणि ताणलेले. पायही तसेच. कानाखाली मानेत एका बाजूला आवळ्याएवढी गाठ. ताएकोने हात हातात घेतला तर पोर कळवळली.

"दुखतं, आई. नको."

ताएको तिच्या जवळ आडवी झाली, तिला थोपटू लागली, आणि थोपटता थोपटता थांबली. घरात आवाज नव्हता. बाहेर तोमेचं खुरपं वाजत होतं तेवढंच. इतक्या दिवसांत जो आवाज यायला हवा होता, तो एकदाही आला नव्हता. नखांचा.

पोरीने एकदाही खाजवलं नव्हतं.

ताएको उठून बसली. तिला स्वतःची ती चौकट आठवली, पाठ घासून घासून उघडं पडलेलं लाकूड. अजून तिथे पॉलिश नव्हतं. तिने पोरीच्या पाठीवर, पोटावर, मांड्यांवर बघितलं. एक ओरखडा नाही. 

तिने पोरीला पाठीशी बांधलं आणि निघाली. तोमेने वाफ्यातून विचारलं, "कुटं?" तिने उत्तर दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ओढ्याकाठी जिनसाकू शिडीवर होता, मासानोबू दोन झाडांपलीकडे. सूर्य वर येत होता, चीक वाहायची हीच वेळ. जिनसाकूने तिला पाहिलं आणि तो कावलाच.

"पोरीला इकडं कशाला आनलीस? आदीच उतलीय तिला."

"उरुशी नाही ही, बाबा."

"मंग काय हाय?"

"ते मला ठाऊक नाही. पण ती खाजवत नाही."

शिडीवरचा हात थांबला. नुकत्याच पाडलेल्या चऱ्यातून थेंब आला, वाट बघून खाली ओघळला. जिनसाकूने तो टिपला नाही. या हंगामात एक थेंब त्याने वाया घालवला असेल तर तो हा.

तो खाली उतरला. हात पँटला पुसले, पण पोरीला लावले नाहीत. नुसता वाकला.

"खाजतंय का गं, मिहो? खरं सांग आजोबाला."

मिहोने लाल डोळे उघडले. "दुखतंय," ती म्हणाली.

जिनसाकू सरळ झाला. मग मासानोबूकडे न बघता म्हणाला, "टेंपो काढ."

शहरातल्या दवाखान्यात पोरांचे डॉक्टर ओईकावा म्हणून होते, चाळिशीचे, आवाज खालचा. आधी नर्सने मिहोचे कपडे काढले आणि वासाने मान मागे घेतली. मग तिची नजर ताएकोच्या काळ्या डाग पडलेल्या बोटांवर गेली. "आधी अंघोळ घालत जा पोरीला," ती म्हणाली. ताएकोने हात पाठीमागे नेले.

ओईकावांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली. ती स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार झाली होती. हात पाहिले, गाठ चाचपली. मग त्यांनी डावी बाही वर सारली, वाळलेला खेकड्याचा रस ओल्या कापसाने पुसला, आणि ते लाल ठिपके उघडे पडल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला. ताएकोने नंतर पुष्कळदा आठवलं, की डॉक्टरांचा चेहरा बदलला तो तेव्हा.

"ताप कधी सुरू झाला? अगदी पक्कं सांगा. हे फार महत्त्वाचं आहे."

"ओढ्याकाठच्या रानाच्या दिवशी," ताएकोच्या तोंडून गेलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. "म्हणजे... आज पुन्हा ओढ्याकाठचं रान. पाचवा दिवस."

ओईकावांनी मान हलवली आणि ते काहीतरी लिहू लागले. मासानोबू दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "आन् पाऊस?"

ताएकोने त्याच्याकडे पाहिलं.

"दोन दिस पाऊस व्हता," मासानोबू म्हणाला. "आमच्यात पावसाचे दिस धरत न्हाईत, डॉक्टर."

 ताएकोला काल कुदो डॉक्टरांसमोर बसलेली ती स्वतः दिसली. चार, असं म्हणणारं आपलं तोंड दिसलं. ते काल पाच उलटून सहा झाले होते. म्हातारा काय म्हणाला होता, तर सरळ शहरात जा. परवा नव्हे, कालच जायचं होतं.

"म्हणजे आज सातवा," ओईकावा म्हणाले. त्यांनी लिहिलेलं खोडलं. आवाज चढवला नाही, पण नर्सला जे सांगितलं ते भराभर सांगितलं, आणि ती पळतच गेली.

जुन्या लशीचे ठिपके असे लाल होऊन वर येतात ते याच आजारात, आणि त्याचं नाव कावासाकी, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मासानोबू पांढराफटक पडला. गेल्या हिवाळ्यात, झाडं निजलेली असताना, तो कावासाकी शहरात कारखान्यात मजुरीला गेला होता. "मी आणला का?" तो पुटपुटला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की शहराचा काही संबंध नाही, ज्यांनी हा आजार ओळखला त्या डॉक्टरांचं ते आडनाव. मासानोबूने मान डोलावली, पण संध्याकाळपर्यंत त्याने पोरीला हात लावला नाही.

हृदयाची तपासणी अंधाऱ्या खोलीत झाली. पोरीच्या छातीवर गार लेप लावून डॉक्टर एक यंत्र फिरवत होते. पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी उघडमीट करत होतं. ताएकोला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून ती पडद्याऐवजी डॉक्टरांचा हात बघत होती. हात फिरत होता. फिरत होता. एका जागी थांबला. पुढे गेला आणि परत तिथेच आला. पडद्यावर दोन फुल्या उमटल्या, पुसल्या, परत उमटल्या. तिसऱ्यांदा तीच जागा मोजली तेव्हा ताएकोला वाटलं आपण इथून उठून बाहेर जावं, म्हणजे ते मोजलेलं खरं होणार नाही.

"हृदयालाच रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात," ओईकावा म्हणाले. "त्यातली डावीकडची एक फुगायला लागली आहे. थोडीच. आताच औषध चढवू."

"फुगली तर?"

"फार फुगली तर आत गाठ होऊन ती बुजू शकते." त्यांनी यंत्र पुसून ठेवलं. "तिथपर्यंत जाऊ नये, म्हणूनच घाई."

औषध काचेच्या बाटलीतून थेंब थेंब उतरत होतं. हजारो माणसांच्या रक्तातून काढलेलं, नर्सने सांगितलं. आता ती मऊ बोलत होती. ताएको थेंब बघत बसली. थेंब येतो, लोंबतो, सुटतो. ती अख्खा उन्हाळा हेच बघत आली होती, फक्त इथे थेंब पोरीच्या आत जात होता. तिला भीती वाटत होती की आपण डोळे मिटले तर थेंब थांबेल. म्हणून तिने मिटले नाहीत.

सकाळी ताप उतरला. मिहोने पेरूचा रस मागितला. मासानोबू खालच्या दुकानात धावला, तर पेरू नव्हता, पीचचा मिळाला. पोरीने दोन घोट घेतले. ताएको तेव्हा पहिल्यांदा रडली, तोंड पदराआड लपवावं तसं पोरीच्या उशीत लपवून. आणि दुपारी पोरीचं कपाळ पुन्हा गरम लागलं.

तिने आधी आपल्याच हातावर संशय घेतला. दुसरा हात लावला. मग गाल. मग नर्सला हाक मारली. एकोणचाळीस.

"काही पोरांत पहिल्या औषधाने भागत नाही," ओईकावा म्हणाले. "दुसऱ्यांदा देऊ."

"आणि दुसऱ्यानेही नाही भागलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

ताएकोने त्यांची बाही धरली. असं तिने आयुष्यात कुठल्या पुरुषाला धरलं नव्हतं. "डॉक्टर, एक सांगा. हे त्या घशातल्या जंतूने केलं का? साथीची बाकीची सात पोरं खेळतायत. कुदो डॉक्टर चुकले का?"

ओईकावा खुर्ची ओढून बसले. "चुकले नाहीत. मी पण तपासलं, घशात जंतू आहेच. जंतूही होता आणि हाही आजार होता, दोन्ही. काही पोरांत असा जंतू सापडतो, काहींत काहीच सापडत नाही. जंतूने दार वाजवलं आणि आत भलतंच कुणी उठलं, असं असेल. किंवा दोघं योगायोगाने एकदम आले असतील. जंतू सापडलेल्या पोरांच्या हृदयाचं जास्त बिघडतं का, हे आम्हालाही छातीठोक सांगता येत नाही. एक मात्र बघतो. जंतू सापडला की सगळे तिथेच थांबतात. नाव मिळालेलं असतं ना. आणि त्या थांबण्यात दिवस जातात. आणि नळ्या फुगतात, त्या त्याच दिवसांत."

"म्हणजे तिचं हृदय जंतू नाही खात."

"नाही. अंगातली जी फौज जंतूशी लढायला उठते, ती स्वतःच्याच नळ्यांवर उलटते."

दुसरी बाटली चढली. त्याच संध्याकाळी जिनसाकू आला. हंगामात रान सोडून तो स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलाही पूर्ण वेळ थांबला नव्हता, असं तोमे सांगायची. तो खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला. आत येईना. ताएको बाहेर गेली तर त्याचे हात तिला ओळखू आले नाहीत. चाळीस वर्षांचे काळे हात त्याने तेलाने आणि दगडाने घासून घासून सोललेले होते, सांध्यांवर रक्त आलं होतं.

"हे काय, बाबा."

"हातावर काय ऱ्हायला नगं," तो म्हणाला. "आता तिला आनकी काय उताया नगं."

ताएकोने त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. झाडाला जखम झाली की ती बुजवायला ते चीक सोडतं, आणि आपण तोच गोळा करून जगतो, हे या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलायचं काय त्यात.

"म्हंजे सुरी कुनाची का आसंना," जिनसाकू शेवटी म्हणाला, "चीक पोरीचाच." आणि मग, "मी म्हनलो उरुशी. मी म्हनलो म्हनून समदी थांबली."

 खरं सांगायचं तर ताएकोला त्याला धीर द्यायचाही नव्हता. तिला आपण चार म्हणून सांगितलेले दिवस दिसत होते. ती त्याच्याशेजारी बाकावर बसली. दोघं दारातून आत बघत राहिली.

या खेपेला ताप गेला तो आला नाही. पुढच्या आठवड्यात मिहोच्या बोटांच्या टोकांची कातडी पापुद्र्यासारखी सुटू लागली. ओईकावा म्हणाले, हे होतंच. डावीकडची नळी एका जागी फुगलेली राहिली. कदाचित वर्षा-दोन वर्षांत भरून येईल, कदाचित नाही. रोज एक गोळी, रक्त गोठू नये म्हणून. ठरलेल्या तारखांना पडद्यावरची तपासणी. अंगावर कांजिण्या उठल्या किंवा फ्लूची साथ आली तर आधी इकडे फोन. "घाबरून राहू नका," ते म्हणाले, "पण विसरूही नका." ही दोन कामं एका वेळी कशी करायची ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर ताएकोने स्वयंपाकघरात तारखांचं कॅलेंडर टांगलं. तोमे त्याकडे बघून म्हणाली, "ह्ये कशाला आता?" आणि मग स्वतःच त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला. त्यानंतरचा पहिला पाऊस लागला त्या दिवशी ओसरीवर धार लावता लावता जिनसाकू उठला, ओल्या पायांनी आत गेला आणि त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने फुली मारून आला. 

ऑक्टोबरात पानं तांबडी झाली. शेवटचा, घट्ट चीक निघत होता. एका सकाळी ताएको भात ढवळत होती, आणि मागून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. तिने पळी टाकली. मिहो अंथरुणावर बसून गळा खाजवत होती. गाल फुगलेला, कानामागे लाल पुरळ, दोन्ही हातांनी, मांजरीसारखं, जीव तोडून.

"आई, खाजतंय. खाजतंय. खाजतंय."

तोमे दारात आली. "देवा," एवढंच म्हणाली आणि टोपली शोधू लागली. जिनसाकू कमरेचं फडकं बांधता बांधता आत आला आणि उंबऱ्यावर थबकला. पोरीकडे त्याने एकदाच पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने ही गोष्ट कुणाला विचारली नव्हती.

"उरुशीच ना गं?"

ताएकोने मिहोच्या कपाळाला हात लावला. दुसरा लावला. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली. बारीक ठिपके, दोन चौकोनांत, पांढरे.

"उरुशीच," ती म्हणाली.

जिनसाकूने श्वास सोडला. "मंग झाली आपल्या घरची," तो म्हणाला, पण ते हळू म्हणाला, विचारल्यासारखं. तोमे खेकडे आणायला गेली. भात खाली लागल्याचा वास घरभर सुटला. मासानोबू चुलीकडे धावला आणि चटका बसून काहीतरी अभद्र बोलला. मिहो खाजवतच होती.

ताएकोने तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि तिच्या छातीला कान लावला.

"काय ऐकतेस?" मिहोने विचारलं. "सोड ना. खाजतंय."

"गप. जरा गप."

पोर क्षणभर गप्प बसली. आत ते चाललं होतं, घाईघाईने, लहान पावलांनी. ताएको ऐकत राहिली.